खून कमी झाले, पण कोणाच्या शब्दावर? एल साल्वादोरची मांडवली आणि ती उघड करून परागंदा झालेले पत्रकार

एल साल्वादोर म्हणजे मध्य अमेरिकेतला चिमुकला देश, लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, चलन अमेरिकन डॉलर, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तिथले व्हिडिओ तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेले असणारच. टक्कल केलेले, अंगभर गोंदवलेले शेकडो कैदी, नुसत्या पांढऱ्या चड्डीत, मान खाली घालून एकमेकांना चिकटून बसवलेले. खाली कमेंट ठरलेली, "नेता असावा तर असा". नेता म्हणजे नायिब बुकेले, जून २०१९ पासून राष्ट्राध्यक्ष. आणि खरं सांगायचं तर कमेंट टाकणाऱ्यांना फार नावंही ठेवता येत नाहीत, कारण २०१५ मध्ये या देशात ६,६५६ खून झाले होते, म्हणजे लाखामागे १०३, युद्ध चालू नसलेल्या देशांत जगात सगळ्यात वाईट, आणि २०२४ चा सरकारी आकडा आहे ११४. अख्ख्या वर्षाचा.

मग याच टोळ्यांवर वर्षानुवर्षं लिहिणारे तिथले पत्रकार आज देशाबाहेर का राहतायत? टोळ्यांना घाबरून नाही, सरकारला घाबरून. थोडक्यात उत्तर असं, की टोळ्यांचा कर्दनकाळ म्हणून मिरवणाऱ्या सरकारने आधी त्याच टोळ्यांशी गुपचूप मांडवली केली होती हे त्यांनी कागदपत्रांसकट छापलं. पण एवढ्यावर थांबलं तर मजाच कळत नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करू.

तिथल्या मुख्य टोळ्या दोन. एमएस-१३ आणि बारिओ १८, आणि दुसरीचेही पुढे दोन तुकडे झाले. दोन्हींचा जन्म एल साल्वादोरमधला नाहीच, लॉस एंजेलिसमधला. १९८० ते १९९२ या काळात देशात यादवी युद्ध होतं, लाखो लोक अमेरिकेत पळाले, त्यांची पोरं तिथल्या रस्त्यांवर टोळ्यांत शिरली, आणि युद्ध संपल्यावर अमेरिकेने त्यातल्या गुन्हेगारांना उचलून परत पाठवलं. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशात ही मंडळी पोचली आणि बघता बघता साठ-सत्तर हजारांची फौज उभी राहिली. बसवाल्याकडून खंडणी, दुकानदाराकडून खंडणी, एका वस्तीतला माणूस दुसऱ्या टोळीच्या वस्तीत गेला तर जिवंत परत येईलच याची खात्री नाही. आणि निवडणुकीत कुठल्या पक्षाने कुठल्या गल्लीत पोस्टर लावायचं हेही टोळीला विचारून.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कारण मांडवली व्हायची तर दोन्हीकडे विकायला काहीतरी लागतं. टोळीकडे विकायला दोन गोष्टी होत्या, खुनाचा आकडा आणि मतं. खून करणारे तेच, त्यामुळे खून थांबवणंही त्यांच्याच हातात, नळाची चावी त्यांच्याकडे. सरकारकडे होत्या तुरुंगातल्या सवलती, म्होरक्यांची सुटका, पोलिसांची सौम्य वागणूक आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अमेरिकेला प्रत्यार्पण न करण्याचा शब्द. एल साल्वादोरच्या तुरुंगात बसून टोळी चालवता येते, अमेरिकेच्या तुरुंगात गेलं की सगळं संपतं, हे म्होरक्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता बुकेले हा काही पहिला नाही. मार्च २०१२ मध्ये 'एल फारो' या ऑनलाइन पेपरने बातमी फोडली की तेव्हाचे डाव्या आघाडीचे राष्ट्राध्यक्ष मौरिसिओ फुनेस यांच्या सरकारने टोळ्यांशी सौदा केलाय. तीसेक म्होरके साकातेकोलुकाच्या कडेकोट तुरुंगातून अचानक सैल तुरुंगांत हलवले गेले आणि दिवसाला १४ च्या आसपास असलेले खून ५ वर आले. सरकार म्हणे आमचा काय संबंध, चर्चच्या लोकांनी समेट घडवला. पुढे तो समेट फिसकटला आणि खुनांचा आकडा चढत चढत २०१५ च्या त्या ६,६५६ वर गेला. फुनेस निकाराग्वाला पळाले, तिथलं नागरिकत्व घेतलं, २०२३ मध्ये गैरहजेरीतच १४ वर्षांची शिक्षा झाली आणि २०२५ च्या जानेवारीत तिथेच वारले. त्यांच्या संरक्षणमंत्र्याला, मुंगिया पायेसला, १८ वर्षं. ही शिक्षा कोणाच्या राजवटीत झाली? बुकेलेच्या. म्हणजे टोळ्यांशी सौदा करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाची जागा तुरुंगात असते हे खुद्द याच राजवटीच्या कोर्टाने सांगून ठेवलंय.

आणि उजव्यांचं काय? २०१६ मध्ये याच पेपरने ऑडिओ-व्हिडिओ बाहेर काढले, २०१४ च्या निवडणुकीआधी डावे आणि उजवे दोन्ही मोठे पक्ष टोळ्यांच्या दारात मतं मागायला गेले होते त्याचे. 'हे पत्रकार अमुक पक्षाचे दलाल' असं बुकेलेचे समर्थक आज म्हणतात, त्यांनी हा इतिहास एकदा बघावा. जो सत्तेत आला त्याला यांनी धरलंच.

'एल फारो' १९९८ चं, मध्य अमेरिकेतलं पहिलं फक्त इंटरनेटवर निघणारं वर्तमानपत्र. संस्थापकांपैकी एक कार्लोस दादा, संपादक ऑस्कर मार्तीनेस, आणि टोळ्यांवरच्या बहुतेक मोठ्या बातम्यांत ज्याचं नाव असतं तो ऑस्करचा भाऊ कार्लोस मार्तीनेस. (या गोष्टीत कार्लोस बरेच आहेत, अजून येतील, त्यामुळे आपण आडनावाने बोलू, आणि पुढे नुसतं 'मार्तीनेस' म्हटलं की तो हा कार्लोस.)

एप्रिल २०२० मध्ये एका वीकेंडला खून अचानक वाढले तेव्हा बुकेले सरकारने ते जगभर गाजलेले फोटो काढले, कैदी अर्धनग्न, करोनाचे दिवस असताना एकमेकांना चिकटून बसवलेले, आणि जाहीर केलं की आता दोन्ही टोळ्यांचे लोक एकाच कोठडीत कोंबणार. फोटो भारी होते. पण ३ सप्टेंबर २०२० ला 'एल फारो'ने छापलं की पडद्यामागे चित्र वेगळंच आहे, एमएस-१३ शी बोलणी आधीपासून चालू आहेत, एकत्र कोंबण्याचा निर्णयही गुपचूप मागे घेतलाय, आणि बदल्यात खून कमी ठेवायचे, शिवाय २०२१ च्या संसदीय निवडणुकीत पाठिंबा.

हे सिद्ध कशावरून केलं? कोणी 'गुप्त सूत्रांनी' कानात सांगितलं म्हणून नाही. तुरुंगाच्या नोंदवह्यांवरून. तुम्ही कल्पना करा, कितीही मोठा तुरुंग असो, गेटवर एक वही असते, आणि त्या वहीत ड्युटीवरचा शिपाई कोण आलं, किती वाजता आलं, कोणाला भेटलं हे लिहितो, कारण नाही लिहिलं तर उद्या त्याचीच नोकरी जाते. साकातेकोलुका आणि इसाल्को तुरुंगांच्या अशा नोंदींत तुरुंग खात्याचा प्रमुख ओसिरिस लुना आणि 'सामाजिक वीण पुन्हा उभारणी' अशा गोड नावाच्या खात्याचा संचालक मारोकिन यांच्या भेटी सापडल्या, आणि लुनाबरोबर तोंड झाकलेले लोकही आत गेल्याचं सापडलं. राजकारण्यांच्या भाषणात सापडत नाही ते शिपायाच्या वहीत सापडतं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात जबरदस्त पुरावा हाच, कारण तो लिहिणाऱ्याला आपण पुरावा लिहितोय हे माहीतही नव्हतं.

बातमी आल्यावर सरकारी वकिलांनी तुरुंगांवर धाडी घातल्या तर काय, कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क काढून नेलेल्या आणि वह्या गायब. हेही पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये 'एल फारो'नेच छापलं, आणि त्या वेळी अजून एक मोठी गोष्ट छापली, की बोलणी एकट्या एमएस-१३ शी नाही, तिन्ही गटांशी झाली होती, आणि राऊल मेलारा महाधिवक्ता असताना त्यांच्या कार्यालयातल्या एका खास पथकाने फोन टॅप, फोटो, कागदपत्रं असं सगळं गोळा करून केस जवळपास उभी केली होती.

'होती' म्हणतोय, कारण फेब्रुवारी २०२१ च्या निवडणुकीत बुकेलेच्या 'नुएवास इदेआस' पक्षाला ८४ पैकी ५६ जागा मिळाल्या आणि नवी संसद १ मे ला बसली त्याच दिवशी, पहिल्याच बैठकीत, घटनापीठाचे पाचही न्यायाधीश आणि महाधिवक्ता मेलारा यांना घरी पाठवलं. नवीन महाधिवक्त्याने ते पथकच मोडीत काढलं आणि पथकाचा प्रमुख देश सोडून गेला. इथे लक्षात घ्या, परागंदा होण्याची सुरुवात पत्रकारांपासून नाही झाली, वकिलांपासून झाली. तपास करणारी सरकारी यंत्रणा संपली, आता त्या कागदांचं पुढे काही करू शकणारे उरले फक्त पत्रकार, आणि साहजिकच निशाणाही तेच.

निशाणा कसा तर, सप्टेंबर २०२० मध्ये, बातमीनंतर तीन आठवड्यांत, बुकेलेने टीव्हीवरून देशाला सांगितलं की 'एल फारो'ची मनी लाँडरिंगसाठी चौकशी चालू आहे. २०२१ मध्ये त्यांच्या एका मेक्सिकन संपादकाला वर्क परमिट नाकारून देशाबाहेर काढलं. आणि जानेवारी २०२२ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने फोन तपासून सांगितलं की एल साल्वादोरमधल्या ३५ पत्रकार आणि कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर होतं, त्यातले २२ जण एकट्या 'एल फारो'चे. मार्तीनेसच्या फोनमध्ये तर २६९ दिवस. पेगासस घुसायला तुम्ही लिंकवर क्लिक करायचीही गरज नसते, आणि एकदा घुसलं की मेसेज, फोटो, माइक, सगळं उघडं. पत्रकाराच्या दृष्टीने यात स्वतःपेक्षा त्याच्याशी बोलणाऱ्यांचा जीव जास्त धोक्यात, कारण कागद देणारा कारकून किंवा शिपाई कोण हे कळलं की खेळ खलास. पेगासस बनवणारी एनएसओ कंपनी म्हणते आम्ही फक्त सरकारांनाच विकतो, एल साल्वादोर सरकार म्हणतं आम्ही त्यांचे गिऱ्हाईक नाही. मग घुसलं कुठून, तर म्हणे आम्हाला काय माहीत.

मधल्या काळात डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने लुना आणि मारोकिन दोघांवर निर्बंध लावले आणि कारण स्वच्छ लिहिलं, टोळ्यांशी गुप्त वाटाघाटी. म्होरक्यांना पैसा, तुरुंगात मोबाइल आणि वेश्या पुरवल्याचा उल्लेख आणि बदल्यात पक्षाला राजकीय पाठिंबा. बुकेलेने हे सगळं खोटं म्हणून उडवून लावलं, आजही त्याचं म्हणणं तेच आहे.

आता येतो तो वीकेंड, ज्याच्यामुळे हा सगळा विषय नुसता 'राजकारणातला घोटाळा' राहत नाही. २५ ते २७ मार्च २०२२, तीन दिवसांत ८७ माणसं मारली गेली, त्यातली ६२ एकट्या शनिवारी. मारलेले बहुतेक कुठल्या टोळीचे नाहीत, फळं विकणारा, बस चालवणारा, रस्त्याने चाललेला. २७ तारखेला संसदेने आणीबाणी लावली, ३० दिवसांची, जी तेव्हापासून दर महिन्याला वाढवली जातेय.

मे २०२२ मध्ये मार्तीनेसने ऑडिओ छापले. मारोकिन आणि एमएस-१३ चा माणूस यांचं बोलणं, रेकॉर्ड केलं होतं टोळीनेच. त्यात मारोकिन स्वतःच्या तोंडाने सांगतो की बोलणी फिसकटलीत, आणि आपली निष्ठा पटवायला तो आठवण करून देतो की 'क्रुक' नावाच्या म्होरक्याला मी स्वतः ग्वाटेमालापर्यंत पोचवलं. बोलण्यात राष्ट्राध्यक्षाचा उल्लेख येतो तो 'बॅटमॅन' म्हणून. टोळीचं म्हणणं असं, की सरकारी गाडीतून जाणाऱ्या आमच्या लोकांना पकडलं, शब्द मोडला, आम्ही ७२ तासांची मुदत दिली, सोडलं नाही, मग आम्ही दाखवून दिलं. ८७ माणसं म्हणजे हे 'दाखवून देणं'. आणि हा क्रुक साधासुधा नाही, ४० वर्षांची शिक्षा भोगत होता, अमेरिकेने प्रत्यार्पण मागितलेलं होतं, तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये तुरुंगातून बाहेर. पुढे तो मेक्सिकोत सापडला, अमेरिकेत नेला गेला, आणि अमेरिकन सरकारी वकिलांनीच कोर्टाच्या कागदांत लिहिलं की एल साल्वादोरच्या बड्या अधिकाऱ्यांनी त्याला तुरुंगातून बाहेर काढलं, आलिशान फ्लॅटमध्ये ठेवलं, हातात बंदूक दिली आणि ग्वाटेमालाच्या सीमेवर सोडलं.

हे सगळं वाचून एक प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तच आहे. 'बरं, केली असेल बोलणी, पण शेवटी खून थांबले ना? मग बिघडलं कुठे?' नुसतं 'लोकशाही धोक्यात' म्हणून हा प्रश्न टोलवला की समोरचा ऐकायचं बंद करतो. मला वाटतं उत्तर त्या मार्चमध्येच आहे. २०१९ ते २०२२ पर्यंतची शांतता पोलिसांनी मिळवलेली नव्हती, विकत घेतलेली होती, आणि विकणाऱ्याला वाटलं तेव्हा तीन दिवसांत ८७ प्रेतं टाकून त्याने ती परत घेतली. ज्या बसवाल्याने तोपर्यंत 'आता बरं चाललंय' म्हटलं त्याला आपला जीव कुठल्या सौद्यावर अवलंबून आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतरची धरपकड मात्र खरी आहे, टोळ्या खरोखर मोडल्या हे 'एल फारो'ने स्वतःच छापलंय, तेही लपवलं नाही. पण त्याची किंमत बघा, ८५ हजारांहून जास्त लोक आत, त्यातले सुमारे ८ हजार निर्दोष निघाले म्हणून सोडले हे खुद्द बुकेलेनेच सांगितलं, आणि कोठडीत ४०० च्या वर माणसं मेली असं मानवी हक्कवाले सांगतात. निरपराध पोरगा आत आणि क्रुक ग्वाटेमालात, हा हिशोब कसा काय लागतो हे विचारणारे पत्रकार सोडून कोण होतं?

तरीही लोक बुकेलेबरोबर आहेत, हे मान्य करायलाच हवं. लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायला घटनेची मनाई असताना तो २०२४ मध्ये उभा राहिला आणि ८४ टक्क्यांच्या वर मतं घेऊन आला.

'एल फारो'ने एप्रिल २०२३ मध्येच आपली कंपनी, हिशेब, कायदेशीर पत्ता सगळं कोस्टा रिकाच्या सान होसेला हलवलं होतं, म्हणजे कर खात्याच्या नोटिशींनी पेपरच बंद पडू नये. बातमीदार मात्र देशातच होते. ते निघाले मे २०२५ मध्ये. १ मे ला त्यांनी व्हिडिओ टाकले, बारिओ १८ च्या एका गटाचे दोन म्होरके, कॅमेऱ्यासमोर, चेहरा न झाकता, बुकेलेच्या लोकांशी आपला व्यवहार तो सान साल्वादोरचा महापौर व्हायच्या आधीपासून कसा चालू होता ते सांगतायत. निवडणुकीत प्रचार करण्यासाठी पैसे घेतल्याचं सांगतायत. देशाबाहेर पडायलाही सरकारचीच मदत झाली असं सांगतायत. अर्थात बोलणारे गुन्हेगार आहेत, त्यांचा प्रत्येक शब्द वेदवाक्य नाही, पण आधीच्या वह्या, टॅप, ऑडिओ आणि अमेरिकन कागद यांच्याशी तो जुळतो म्हणून वजन येतं.

दोनच दिवसांत त्यांना आतून निरोप आला की किमान सात जणांची अटक वॉरंट तयार होतायत, तीही टोळीशी संबंध असल्याच्या कलमाखाली. म्हणजे सौदा उघड करणाराच टोळीवाला. जूनमध्ये काही जण परत जायला निघाले होते, तेवढ्यात कळलं की विमानतळावर पोलीस थांबलेत, तिकिटं रद्द. तिथल्या पत्रकार संघटनेच्या हिशेबाने त्या काही आठवड्यांतच किमान ४० पत्रकार देश सोडून गेले. मे महिन्यातच 'परकीय एजंट' कायदाही झाला, बाहेरून येणाऱ्या निधीवर ३० टक्के कर. जाहिराती तर सरकारच्या भीतीने आधीच आटलेल्या, त्यात हे.

बाहेरून काम चालतं, पण लंगडत. कागद अजूनही येतात, कारण सरकारात नाराज लोक कधी संपत नाहीत. पण टोळीचा माणूस किंवा घाबरलेला शिपाई फोनवर बोलत नाही, तो समोर बसून, तुमच्या डोळ्यात बघून ठरवतो बोलायचं की नाही, आणि ते समोर बसणंच गेलं. घरचे मागे राहिलेत, त्यांच्या दारावर पोलीस उभे राहतात. लिहिलेल्या प्रत्येक ओळीने तिथल्या कोणाला त्रास होईल हा विचार आधी, बातमी नंतर.

आणि पुराव्याची दुसरी जागा, अमेरिकेची कोर्टं, तीही आकसायला लागलीय. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने व्हेनेझुएलाच्या लोकांना बुकेलेच्या महातुरुंगात पाठवलं ते तुम्ही वाचलं असेल, पण त्याच वेळी एमएस-१३ चा एक मोठा म्होरका, लोपेस लारिओस, यालाही परत पाठवलं गेलं, त्याच्यावरचा खटला मागे घेऊन, कारण दिलं परराष्ट्र धोरणाचं. अमेरिकेत खटला चालला असता तर तो सौद्याबद्दल काय बोलला असता हे आता कोर्टात कधीच ऐकायला मिळणार नाही. त्यामुळे पुढे या विषयावर लक्ष ठेवायचं असेल तर दोन गोष्टी बघा, अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या बाकीच्या म्होरक्यांपैकी कोणाकोणाला असं परत पाठवतात, आणि २०२७ ची निवडणूक. जुलै २०२५ मध्ये संसदेने कितीही वेळा निवडून येण्याची मुभा दिली, कार्यकाळ सहा वर्षांचा केला आणि निवडणूक दोन वर्षं अलीकडे ओढली, आणि त्या निवडणुकीत पडद्यामागे काय चाललंय हे शोधणाऱ्या बातमीदारांना ते सान होसे, ग्वाटेमाला किंवा मेक्सिको सिटीत बसूनच शोधावं लागणार आहे.